वय विचारलं की आधारच का द्यायचं? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी जाताजाता लिहिलं होतं की अ‍ॅपनं वय विचारलं म्हणून लगेच आधार अपलोड करू नका, अन् त्या एका ओळीवर इतके मेसेज आले की यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. सांगली, सातारा दोन्हीकडनं पत्रं आहेत. नावं कुणाचीच छापत नाही, विषयच तसा आहे.

प्रश्न : दादा, माझा मुलगा नववीत आहे, १४ पूर्ण. तो गेम खेळताना मित्रांशी बोलायला एक चॅट अ‍ॅप वापरतो. त्या अ‍ॅपनं वय सिद्ध करा म्हणून अडवलं, एकतर चेहऱ्याचा व्हिडिओ द्या नाहीतर ओळखपत्र. पोरानं काय करावं, मिस्टरांचं आधार कपाटातनं काढलं, पुढनं मागनं फोटो काढले अन् दिले टाकून. मला चार दिवसांनी कळलं, ते पण त्याच्या गॅलरीत फोटो दिसले म्हणून. मिस्टरांना अजून सांगितलेलं नाही. आता ते आधार बंद करावं लागेल का? पोलिसात जायचं का?
— एक आई, तासगाव

उत्तर : ताई, सगळ्यात आधी मिस्टरांना सांगा, आजच. पोराला ओरडा बसेल म्हणून तुम्ही थांबलाय हे कळतंय मला, पण उद्या काही झालंच तर ओटीपी त्यांच्या फोनवर येणार, त्यांना माहितीच नसेल तर कुणीतरी फोन करून गोड बोलून तो ओटीपी काढून घेईल आणि मग खरंच पोलिसात जायची वेळ येईल.

आता घाबरायचं किती ते सांगतो. नुसता आधार नंबर कुणाला कळला म्हणून बँकेतनं पैसे जात नाहीत, त्याला ओटीपी लागतो नाहीतर अंगठा लागतो. म्हणून पहिलं काम अंगठ्याला कुलूप लावायचं. आधारच्या साईटवर किंवा अ‍ॅपमधे बायोमेट्रिक लॉक आहे, ते चालू केलं की बोट अन् डोळ्याचा वापर बंद होतो, रेशनला किंवा बँकमित्राकडं अंगठा लावायचा असेल तेव्हा तेवढ्यापुरतं उघडायचं. तिथंच मागच्या ६ महिन्यांत आधार कुठंकुठं तपासलं गेलं त्याची यादी दिसते, ती मिस्टरांबरोबर बसून बघा, ओळखीचं नसेल असं काही दिसलं तर आधारच्या १९४७ या नंबरला फोन करा. मग सरकारच्या संचार साथी या साईटवर त्यांच्या नावावर किती सिमकार्ड चालू आहेत ते बघा. एका माणसाच्या नावावर ९ पर्यंत सिम असू शकतात अन् आपल्याला आपली दोन सोडून बाकीची माहितीच नसतात. कर्जाचा रिपोर्ट पण काढा, सिबिलसारख्या कंपन्यांना वर्षातनं एकदा तो फुकट द्यावाच लागतो, त्यात न काढलेलं कर्ज दिसतंय का ते कळतं. हे सगळं एका रविवारच्या दुपारचं काम आहे.

पैसे गेलेले नाहीत तर पोलिसात जायची आत्ता गरज नाही. गेले तर मात्र एक मिनिट न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तरच परत मिळायची आशा असते. आधार बंद वगैरे काही करावं लागत नाही.

आणि त्या अ‍ॅपला लेखी कळवा, की ओळखपत्र एका अल्पवयीन मुलानं दुसऱ्याचं टाकलंय, ते काढून टाका अन् काढल्याचं कळवा. उत्तर येईलच असं नाही, पण आपल्याकडं पाठवल्याची नोंद राहते. गॅलरीतले फोटो पुसताना ट्रॅशमधनं पण पुसा, अन् फोनचे फोटो आपोआप गूगलवर चढत असतील तर तिथनं पण.

आता पोराबद्दल. त्यानं चूक केली हे खरंय, पण त्यानं घरात बघितलंय काय? गॅस कनेक्शनला दिलं, सिमला दिलं, लॉजवर दिलं, क्लासच्या अ‍ॅडमिशनला दिलं, मागितलं की दिलं. एकदा तरी आपण कुणाला विचारलं का की कशाला पाहिजे अन् याचं पुढं काय करणार? पोरानं आपलंच बघून केलं. त्याच्याशी हेच बोला.

प्रश्न : सर मी १९ वर्षांची आहे, सांगलीत हॉस्टेलला राहते. एका अ‍ॅपनं फेस स्कॅन करून मला १८ च्या खाली ठरवलं आणि अकाउंट अर्धं बंद केलं. मी बारीक आहे, चेहरा लहान दिसतो, कॉलेजातपण सगळे चिडवतात. आता अपील करायचं तर आयडी मागतायत. द्यावा का? आणि चेहऱ्यावरनं वय कळतंच कसं?
— विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तुझ्या घरी शेती असेल तर तू खरसुंडीच्या यात्रेतला जनावरांचा बाजार बघितला असशील. तिथं खिलार खोंड घेताना व्यापारी काय करतो, जबडा उघडतो अन् दात बघतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळला, झालं वय ठरलं. खोंडाचं नाव काय, कुठल्या गावचं, मालक कोण, हे काही दाताला विचारावं लागत नाही. चेहऱ्यावरनं वयाचा अंदाज घेणारं सॉफ्टवेअर साधारण असंच काम करतं, लाखो चेहरे अन् त्यांची वयं दाखवून त्याला शिकवलेलं असतं, मग नवा चेहरा आला की ते आकडा सांगतं. तू कोण हे त्याला ठाऊक असायची गरज नाही. नीट केलं, म्हणजे फोटो फोनमधेच तपासला, आकडा तेवढा बाहेर गेला अन् फोटो जागेवर पुसला, तर मला ही पद्धत आधार मागण्यापेक्षा बरी वाटते.

पण दातात सुद्धा चूक होते, चेहऱ्यात तर होणारच. चाळिशीतल्या माणसाला ३६ म्हटलं तर कुणाचं काय बिघडत नाही, पण १६ अन् १९ यातलाच फरक करायचा असतो अन् तिथंच ते गडबडतं. मग गाडी येते तुझ्या प्रश्नावर. मशीन चुकलं, पण सिद्ध करायचं तू. अन् अपील म्हटलं की ओळखपत्र.

इथंच काय होतं ते २०२५ च्या ऑक्टोबरमधे दिसलंय. डिस्कॉर्ड नावाचं मोठं चॅट अ‍ॅप आहे, त्यांनी स्वतःच जाहीर केलं की त्यांच्या ग्राहकसेवेचं काम बघणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडं चोरी झाली अन् जवळपास ७० हजार लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो बाहेर गेले असू शकतात. ही माणसं कोण होती माहितीय का? वयाच्या निर्णयावर अपील केलेली. म्हणजे तुझ्यासारखीच, मशीन चुकलं म्हणून कागद दाखवायला गेलेली. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. जन्मतारीख, चेहरा अन् आधार नंबर कसा बदलणार?

माझं म्हणशील तर आधी बघ की हे अ‍ॅप तुला एवढं लागतंय का. कॉलेजच्या नोट्स तिथंच येत असतील, सगळा ग्रुप तिथंच असेल तर गोष्ट वेगळी. द्यायचंच ठरवलंस तर आधी दुसरा पर्याय आहे का बघ, अन् आधारच द्यावं लागलं तर मास्क्ड आधार दे, डाउनलोड करतानाच तो पर्याय येतो, पहिले ८ आकडे झाकलेले असतात अन् शेवटचे ४ दिसतात. अन् आयडीवर दिसणारी पण वयाशी संबंध नसलेली प्रत्येक गोष्ट, पत्ता, आईवडलांचं नाव, झाकता येत असेल तर झाक. नाकारलं त्यांनी तर नाकारूदे, विचारून तरी बघ.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी ७७ वर्षांचा निवृत्त शिक्षक. तुमचं लिखाण वाचतो, पण प्रायव्हसी प्रायव्हसी म्हणून जे चाललंय ते मला पटत नाही. कर नाही त्याला डर कशाला? माझं आधार सरकारकडे आहे, बँकेकडे आहे, उद्या फेसबुककडे असलं म्हणून माझं काय जाणार? उलट सगळ्यांनी ओळख दाखवून इंटरनेटवर यावं, म्हणजे खोट्या नावानं शिवीगाळ करणारे तरी बंद होतील.
— एक आजोबा, कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : गुरुजी, नमस्कार. तुमच्या पत्राला जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात अन् मी स्वतः पण एकेकाळी असंच बोलायचो.

आधी तुमच्याच रोजच्या गोष्टीपासनं धरू. तुमची ७५ पूर्ण झालीत, म्हणजे कोरेगावाहनं साताऱ्याला एसटीनं जाताना तुम्हाला तिकीट पडत नाही, २०२२ च्या ऑगस्टपासनं ती सवलत आहे. कंडक्टर काय करतो? कार्ड बघतो, जन्मतारखेवर नजर टाकतो, कार्ड तुमच्या हातात परत देतो अन् शून्याचं तिकीट फाडतो. बस्स. तो तुमच्या कार्डाची झेरॉक्स काढून पिशवीत घालत नाही, तुम्ही कुठल्या स्टॉपला उतरून कुणाच्या घरी गेलात हे लिहून ठेवत नाही, अन् संध्याकाळी डेपोत जाऊन ती पिशवी तिसऱ्याच माणसाकडं सांभाळायला देत नाही. तुम्ही वय दाखवलं. दिलं काही नाही.

अ‍ॅपवाले जे मागतात ते देणं आहे. कार्डाचा फोटो त्यांच्याकडं राहतो, किंवा त्यांनी नेमलेल्या कंपनीकडं, जिचं नाव आपल्याला कधी कळत पण नाही. अन् ज्या खात्याला तो फोटो चिकटला त्या खात्यावर तुम्ही रात्री काय वाचलं, कुठल्या आजाराची माहिती शोधली, कुणाला काय लिहिलं, ते सगळं त्या कार्डाला चिकटतं. आवळा देऊन कोहळा काढतात तसं आहे हे, विचारायचं फक्त १८ च्या वर आहात का अन् घ्यायचं नाव, पत्ता, फोटो, नंबर, सगळं.

आता माझं सांगतो. मिरजेत स्टेशन रोडला माझा सायबर कॅफे होता, ९ कॉम्प्युटर. २०११ साली सरकारनं सायबर कॅफेसाठी नियम काढले, येणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र बघायचं, वहीत नोंद करायची, वही निदान एक वर्ष जपून ठेवायची. मी नियमाचा माणूस, दुसऱ्याच दिवशी लांब फुलस्केप रजिस्टर आणलं, रकाने आखले, नाव, पत्ता, मोबाईल, आलेली वेळ, गेलेली वेळ, मशीन नंबर. पेनाला दोरा बांधला अन् वही काउंटरवर उघडी ठेवली. मला वाटायचं काय शिस्तीत चाललंय.

एक मुलगी यायची, नर्सिंगला होती, स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला आठवडाभर येत होती. तिच्या खालच्या ओळीवर पुढचा माणूस आपलं नाव लिहायचा तेव्हा वरची ओळ त्याला दिसायचीच ना. कुणीतरी तिचा नंबर त्या वहीतनं उतरवून घेतला. मग रात्री फोन, मिस कॉल, घाणेरडे मेसेज. पंधरा दिवसांनी तिचे वडील आले. मला वाटलं भांडतील. भांडले नाहीत, काउंटरसमोर उभे राहिले, वहीवर हात ठेवला अन् म्हणाले, पोरीनं हा नंबर घरच्यांना, कॉलेजला अन् तुमच्या या वहीला, एवढ्यांनाच दिलाय. मला तोंडातनं शब्द फुटेना. तिनं सिम बदललं, पुन्हा माझ्या कॅफेत आली नाही, फॉर्मचं काय झालं मला माहिती नाही. वही उघडी ठेवा असं नियमात कुठं लिहिलेलं नव्हतं, ती माझी चूक. त्या दिवसापासनं प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी अन् कुलपाची पेटी केली.

गुरुजी, त्या पोरीला लपवण्यासारखं काय होतं? ती फॉर्म भरत होती. डर वाटायला कर असावं लागतं असं नाही, दुसऱ्याच्या मनात काळं असलं तरी पुरतं.

नंतर २०१६ ला जिओ आलं, घरोघरी स्वस्त नेट झालं, कॅफे ओस पडला अन् पुढच्या वर्षी मी तो बंद केला. तेव्हा माळ्यावर झेरॉक्सची तीन पोती निघाली. मतदान कार्ड, लायसन, आधार, कॉलेजचे आयडी, सगळ्या मिरजेचे चेहरे. रद्दीवाला किलोवर घ्यायला तयार होता. मी अन् मंडळी दोन संध्याकाळी बसलो, कागद फाडले, पाण्याच्या बॅरलमधे भिजत घातले अन् लगदा करून टाकला. नियमाप्रमाणं एका वर्षानं ते काढून टाकता आलं असतं, पण कोण काढतंय? ठेवायला जागा असली की माणूस ठेवतोच. माझ्यासारख्या एका कॅफेवाल्याकडं तीन पोती, तर ज्यांच्याकडं कोटींनी माणसं येतात त्यांच्याकडं किती असतील, अन् त्यांना तर माळा पण लागत नाही.

आणखी एक, तुम्ही शिक्षक म्हणून तुम्हाला जास्त कळेल. आपल्या भागातल्या तुमच्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे. आई म्हणाली पूर आला त्या साली झाला, गुरुजींनी शाळेत घालताना १ जून लावली, तीच दाखल्यावर, तीच आधारवर. सुप्रीम कोर्टानं २०२४ च्या ऑक्टोबरमधे एका अपघात भरपाईच्या केसमधे सांगितलं की वय ठरवायला आधारवरची तारीख धरू नका, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची धरा. म्हणजे ज्या कामासाठी अ‍ॅपवाले आधार मागतात त्याच कामाला ते कोर्टात पक्कं धरत नाहीत.

शिवीगाळ करणाऱ्यांचं म्हणाल तर तुमचा राग मला मान्य आहे. पण गावातल्या ग्रुपवर बघा की, शिव्या देणारे स्वतःच्या नावानं, स्वतःच्या फोटोसकट देतात. अन् गुन्हा घडला तर नंबरावरनं, आयपी अ‍ॅड्रेसवरनं पोलीस आजही पोचतात. सगळ्यांची ओळख आधीच गोळा करून ठेवली तर पहिली गप्प बसेल ती नवऱ्याचा मार खाऊन रात्री मदत शोधणारी बाई, नाहीतर गावातल्या पुढाऱ्याविरुद्ध काहीतरी सांगू पाहणारा पोरगा.

२०१७ च्या २४ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आधारविरुद्धची ती याचिका ज्यांची होती ते के. एस. पुट्टस्वामी हे निवृत्त न्यायमूर्ती, २०१२ ला त्यांनी याचिका केली तेव्हा ऐंशी पार केलेले. आयुष्यभर न्यायदान केलेल्या माणसाला काय लपवायचं होतं गुरुजी? पुढच्या वर्षी त्याच वादात खाजगी कंपन्यांना आधार वापरायची सूट देणारं आधार कायद्याचं कलम ५७ कोर्टानं तेवढ्यापुरतं रद्द केलं. नंतर कायदा बदलून स्वखुशीनं वापरायची वाट ठेवली, पण स्वखुशी म्हणजे नाही म्हणता आलं पाहिजे.

तुम्ही पुन्हा लिहा, पटलं नाही तरी लिहा.

प्रश्न : ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडिया बंद केलाय म्हणे. आमच्या शाळेत आठवीची मुलं रात्री दोनपर्यंत रील्स बघून वर्गात झोपतात. आपल्याकडे असा कायदा का येत नाही? पालक म्हणून, शिक्षिका म्हणून मला तर यायला हवा वाटतो.
— एक शिक्षिका, कराड

उत्तर : ताई, वर्गात झोपणारं पोर मी पण बघितलंय, माझा भाचाच आहे, त्यामुळं तुमची कळकळ समजते.

ऑस्ट्रेलियाचा कायदा २०२४ च्या नोव्हेंबरमधे झाला अन् २०२५ च्या १० डिसेंबरपासनं लागू झाला. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, टिकटॉक, स्नॅपचॅट अशांना १६ खालच्यांची खाती ठेवता येत नाहीत, नाहीतर ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड. दंड कंपनीला आहे, पोराला किंवा आईबापाला नाही, हे मला आवडलं. अन् त्यात दोन गोष्टी चांगल्या घातल्यात, एक म्हणजे सरकारी ओळखपत्र हाच एकमेव मार्ग ठेवता येत नाही, दुसरा पर्याय द्यावाच लागतो, अन् दुसरी, वय तपासायला घेतलेली माहिती काम झाल्यावर नष्ट करायची.

ब्रिटननं २०२५ च्या २५ जुलैपासनं प्रौढांच्या साईटना वय तपासणं सक्तीचं केलं अन् त्याच आठवड्यात तिथं व्हीपीएनची, म्हणजे आपण कुठनं नेट वापरतोय ते लपवणारी अ‍ॅप डाउनलोडच्या यादीत वर जाऊन बसली. पोरं खिडकी शोधतातच.

आपल्याकडं वेगळा मार्ग धरलाय. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमधे निघाले, कंपन्यांना तयारीला १८ महिने, म्हणजे २०२७ चा मे उजाडेल. आपल्या कायद्यात मूल म्हणजे १८ च्या आतलं. त्याची माहिती घ्यायची तर आईबापाची पडताळता येईल अशी संमती पाहिजे, त्याच्यावर पाळत ठेवून जाहिराती मारता येणार नाहीत, अन् हे मोडलं तर २०० कोटींपर्यंत दंड. पाळत अन् जाहिरातीचं कलम मला या सगळ्यात सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण पोरगं रात्री दोनला जागं आहे ते त्याच्या वयामुळं नाही, पुढचं रील त्याच्याच आवडीचं निघेल अशी यंत्रणा मागं बसलीय म्हणून.

पण संमतीचं बघा. कोण १८ च्या आत आहे हे कळायला आधी सगळ्यांना विचारावं लागणार, तुम्हाला अन् मला पण. अन् आई आईच आहे, मोठी आहे, हे तपासायला तिची ओळख लागणार. नियमात डिजीलॉकरसारख्या सेवेकडनं टोकन द्यायची वाट ठेवलीय, म्हणजे कार्ड न देता नुसती खूण जाईल की हो, ही बाई सज्ञान आहे. आधारच्या नवीन अ‍ॅपमधे पण हवी तेवढीच माहिती निवडून दाखवायची सोय दिलीय. कंडक्टरसारखं, बघा अन् परत द्या. हे सक्तीचं व्हायला पाहिजे, कंपनीच्या मर्जीवर नाही. तसं झालं तर वयाची अट घाला, माझी ना नाही. कार्डाचे फोटो गोळा करून घालणार असतील तर मी विरोधात आहे, पोरांना वाचवायला निघालो अन् त्यांचीच ओळखपत्रं कुठल्यातरी सर्व्हरवर साठवून बसलो असं नको. अन् एक अडचण तुम्हालाच जास्त माहिती असेल, तुमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे फोन आईच्या नावावर असतात अन् आईला तो लावता पण येत नाही. संमतीचं बटण तिथं पोरगंच दाबणार.

रात्री दोनचं उत्तर कायद्याची वाट न बघता देता येतं. पालकसभेत ठरवा की रात्री दहाला सगळ्या घरांतले फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. एकट्या घरानं केलं तर पोर भांडतं, अख्ख्या वर्गाच्या घरांनी केलं तर भांडायला कारण उरत नाही.

प्रश्न : वय विचारतात म्हणून मित्र फ्री व्हीपीएन टाक म्हणतो. चालेल का?
— विद्यार्थी, इस्लामपूर

उत्तर : फुकटचा नको. तुझी सगळी ये-जा त्याच्याच दारातनं होते, मग तो काय बघतो ते तुला कोण सांगणार? पैशाचे चांगले असतात, पण आपल्याकडं २०२२ पासनं व्हीपीएनवाल्यांना ग्राहकाची माहिती ५ वर्षं ठेवायची सक्ती केलीय, त्यामुळं बऱ्याच कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. अन् वय किती तुझं? लिहिलं नाहीस. १८ च्या आत असशील तर घरी बोल, मित्राचं ऐकू नको.

प्रश्न : माझं विट्यात झेरॉक्स, प्रिंट, ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर आधार, पॅन, दाखले पाठवतात, मी प्रिंट काढून देतो. गलाईवाल्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा करणाऱ्या घरांची माणसं लांब लांब राज्यात असतात, ते तर सगळे कागद माझ्याकडेच पाठवून ठेवतात, लागेल तेव्हा सांगतो म्हणतात. तुमचं वाचून भीती वाटली. नवीन कायदा मला पण लागू होतो का?
— एक दुकानदार, विटा

उत्तर : भाऊ, तुम्ही आपणहून विचारलं याचाच मला आनंद झाला, मी स्वतः त्या खुर्चीत बसलोय. होय, लागू होणार. स्वतःच्या घरगुती कामाला वापरलेली माहिती कायद्यातनं सुटते, धंद्यात घेतलेली नाही, दुकान केवढं आहे यानं फरक पडत नाही. पण दंडाची भीती बाजूला ठेवा, तुमच्यावर लोकांनी घराच्या किल्ल्या टाकल्यात असं समजून वागा.

मी परवाच एका दुकानात प्रिंट काढायला गेलो होतो, कुठल्या ते सांगत नाही. समोर एक आज्जी, त्यांच्या नातवानं आधारची पीडीएफ पाठवलेली. दुकानातल्या पोरानं मोठ्यानं विचारलं, आज्जी नावाची पहिली चार अक्षरं अन् जन्मसाल सांगा, पासवर्ड पाहिजे. आज्जींनी मोठ्यानं सांगितलं, मागं सहाजण उभे. फाईल उघडली तेव्हा स्क्रीनवर डाउनलोडचा फोल्डर दिसला, वरपासनं खालपर्यंत आधारच आधार, नावासकट, अन् आधारच्या पीडीएफचा पासवर्ड तर नाव अन् जन्मसालच असतं, म्हणजे फोल्डर हाती लागला की कुलूप नुसतं नावाला. त्या पोराच्या मनात काही वाईट नव्हतं. माझ्या वहीसारखंच झालं होतं ते.

तर एवढं करा. गिऱ्हाईकाला स्वतःला पासवर्ड टाईप करू द्या, कीबोर्ड त्याच्याकडं फिरवा. प्रिंट निघाली की त्याच्यासमोर फाईल पुसा, व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅटमधनं पण, आपोआप डाउनलोड होतं ती सेटिंग बंद करा. खराब निघालेली झेरॉक्स टेबलाखालच्या खोक्यात टाकू नका, फाडून टाका, त्याच कागदाच्या पुड्या होतात बाजारात. मास्क्ड आधारनं काम भागत असेल तर गिऱ्हाईकाला तुम्हीच सांगा, त्याला माहिती नसतं. अन् गलाईवाल्या घरांना फोन करून सांगा की डिजीलॉकर उघडून घ्या, कागद तुमच्या फोनवर राहतील, लागेल तेव्हा तिथनंच पाठवा. पहिल्यांदा त्यांना शिकवायला तुमची दहा मिनिटं जातील, मनापासनं सांगतो, ती घालवा.

अन् आज रात्री शटर ओढायच्या आधी तो जुना डाउनलोडचा फोल्डर रिकामा करा, मग रिसायकल बिन पण रिकामी करा. ती रिकामी करायची हमखास राहून जाते.